दिवा हिरवा असताना

वैजयंता मगदूम यांनी त्या दुपारी स्टँडच्या माइकवरून जी गाडी पुकारली, ती बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जतमार्गे विजापूरला जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

फलाट चारवर चार्जिंगचा खांब होता आणि त्याला लावलेली मिरजेची विजेवरची गाडी. लोक हसले. एक म्हातारा मात्र खरंच पिशवी उचलून चारकडे निघाला, कारण सांगली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या स्टँडवर मगदूम मॅडमच्या आवाजावर कुणी शंका घेत नसे. वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य त्या खिडकीत काढलं होतं.

"मॅडम, ही गाडी कुठली?" शेजारच्या टेबलावरच्या माणसानं हळूच विचारलं.

वैजयंताबाई त्याच्यावर अशा खवळल्या की तो खुर्चीसकट मागे सरकला. मग त्यांचे डोळे मिटले आणि माइकचं बटण तसंच चालू ठेवून त्या खुर्चीतच झोपल्या. त्यांचं घोरणं सगळ्या स्टँडनं ऐकलं.

गेले काही महिने असंच चाललं होतं. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागेपण. चहात मीठ पडायचं. ओळखीच्या माणसाचं नाव तोंडावर यायचं आणि निसटायचं. त्या दिवशी वरिष्ठ साहेब कागद दाखवायच्या निमित्तानं जवळ आले आणि त्यांच्या तोंडाचा वास घेऊन गेले. वैजयंताबाईंच्या ते लक्षात आलं. जैनाच्या घरात जन्मलेल्या, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या बाईला तो अपमान घरी येईपर्यंत पुरला. घरी आल्यावर कशाचा अपमान झाला ते आठवेना.

त्यांचा मुलगा सम्मेद द्राक्षांच्या शीतगृहात मॅनेजर होता. तो त्यांना मिरजेला घेऊन गेला. सोबत सून धनश्री होती.

"हात पुढे करा," डॉक्टर इनामदार म्हणाल्या. "आता पंजे वर. गाडी थांबवताना करतो तसे."

वैजयंताबाईंनी हात उचलले. या हातांनी त्यांनी आयुष्यभर गाड्या थांबवल्या होत्या. पण आता पंजेच थांबेनात. मनगटातून ते खाली पडत, पुन्हा झटक्यानं वर येत, पुन्हा पडत. त्या आपल्याच हातांकडे दुसऱ्याचे असल्यासारख्या बघत राहिल्या.

"ही वेड लागण्याची सुरुवात आहे का?" सम्मेदनं विचारलं.

"नाही. दुखणं लिव्हरचं आहे. भोगतोय मेंदू."

"पण आमच्या घरात कुणी..."

"दारूच लागते असं नाही. मधुमेह आहे, लिव्हरवर चरबी साठत गेली, हळूहळू ते आतून निबर झालं." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "बघा, आपण जे खातो ते आतड्यात कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचं विषच. चांगलं लिव्हर ते रक्तातून गाळून काढतं. यांचं गाळत नाही. मग ते विष रक्तातून मेंदूत जातं. मेंदूच्या पेशींना सांभाळणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या ते पिऊन सुजतात. मेंदू मंदावतो. माणूस चिडतो, विसरतो, पेंगतो. फार वाढलं तर बेशुद्ध होतो. पण वेळेवर कळलं तर परत येतो. स्मृतिभ्रंशात आणि यात तोच फरक आहे."

औषध म्हणजे एक गोडमिट्ट पातळ पाक होता. तो घेतला की दिवसातून तीन-चारदा संडासला पळावं लागे, आणि पळणं हाच उपचार होता: आतड्यात विष साठूच द्यायचं नाही. त्यासोबत एक गोळी. आणि तिसरी गोष्ट, जी मगदूमांच्या घरात तोवर कुणी पाहिली नव्हती, ती म्हणजे जागल्या.

जागल्या म्हणजे कानामागे चिकटवायची नखाएवढी पट्टी आणि मनगटावर एक पातळ कडं. पूर्वी डॉक्टरांना रक्त तपासावं लागे, रोग्याला आकडे जोडायला लावावे लागत, चांदणी काढायला लावावी लागे, आणि तरीही अंदाजच असे. पट्टी मेंदूच्या लहरींचा वेग मोजत होती, घामातला अमोनिया, पापण्यांची उघडझाप, बोलताना दोन शब्दांत पडणारं अंतरही. सगळ्याचा मेळ घालून कड्यावरचा दिवा लागे. हिरवा म्हणजे माणूस शुद्धीवर. पिवळा म्हणजे मेंदू मंदावतोय. तांबडा म्हणजे दवाखान्यात चला.

जागल्यानं वैजयंताबाईंना वाचवलं, हे खोटं नाही. पहिल्याच पावसाळ्यात दिवा तांबडा झाला तेव्हा त्या चांगल्या बोलत बसल्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या पूर्ण बेशुद्ध होत्या, पण पोचल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कड्याला कपाळ टेकवलं.

नोकरी मात्र गेली. माइकसमोर कधीही पिवळा होणारं माणूस कोण बसवणार? त्या घरी बसल्या. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, गॅसजवळ एकटं जायचं नाही, पोट साफ झालं का हे मुलाला सांगायचं. सगळं त्यांनी सोसलं. त्यांना समाधान होतं ते धनश्रीचं. सुनेनं अवजड वाहनाचं लायसन काढावं, एसटीत ड्रायव्हर व्हावं हा हट्ट त्यांचाच. सम्मेद नाराज होता. घरात शब्दाला शब्द लागला होता. वैजयंताबाई म्हणाल्या होत्या, "मी खिडकीतून गाड्या सोडल्या, ही स्वतः घेऊन जाईल." आता धनश्री मिरज मार्गावर गाडी चालवत होती, आणि संध्याकाळी खाकी सदरा न उतरवताच सासूजवळ बसून दिवसभराच्या गमती सांगत होती.

बदल आला तो हळूहळू. सम्मेदच्या मोबाइलला कडं जोडलेलं होतं. आईनं काही म्हटलं की उत्तर देण्याआधी तो मोबाइल बघू लागला.

"भाजीत तिखट फार झालंय."

नजर मोबाइलवर. "हिरवा आहे. बरं, उद्यापासून कमी टाकू."

"धनूच्या ड्यूटीवरून तू तिला बोलत जाऊ नकोस सम्मेद. मला ते आवडत नाही."

नजर मोबाइलवर. "आई, पिवळा आहे. तू पड जरा."

"अरे, मी चिडलेय म्हणून..."

"चिडचिड हे लक्षणच आहे आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यावर काय बोलणार? बोललं तर आवाज चढणार, आवाज चढला की दिवा पिवळा. त्यांनी डॉक्टरांना विचारलंच. इनामदार प्रामाणिक बाई होत्या.

"राग आला, रडू आलं, झोप झाली नाही, तरी लहरी आणि पापण्या बिघडतात," त्या म्हणाल्या. "यंत्राला शंका आली की ते पिवळा दाखवतं. कंपनीनं ते मुद्दाम तसं ठेवलंय. चुकून हिरवा दाखवला तर खटला होईल. चुकून पिवळा दाखवला तर कोण कोर्टात जातंय?"

"म्हणजे गप्प बसलेली बाई तेवढी शुद्धीवर."



मग लिव्हर आणखी खचलं. पोटात पाणी होऊ लागलं. इनामदारांनी स्पष्ट सांगितलं की आता औषधावर फार काळ निघणार नाही, नवं लिव्हर हवं. मृताचं मिळायला रांग लांब. जिवंत माणूस आपल्या लिव्हरचा तुकडा देऊ शकतो; देणाऱ्याचं काही महिन्यांत पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचंही वाढतं. ऑपरेशन मोठं, पण रोज होणारं.

सम्मेदची तपासणी झाली. त्याच्याही लिव्हरवर चरबी होती. "वजन उतरवा, मग पुन्हा बघू," असं त्याला सांगितलं. त्यानं पळायचे बूट आणले. बूट बरेच दिवस दाराशी चकचकीत राहिले, आणि मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "धनश्रीचा रक्तगट जुळतोय."

धनश्री ताटं वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "माझी हरकत नाही," ती म्हणाली.

"माझी आहे," वैजयंताबाई म्हणाल्या. "तिचं वय काय! वर्षभर स्टिअरिंगला हात लावता यायचा नाही. मूल लांबणार. नको. मला नको सम्मेद. तुझं जुळत असेल तर तू दे, नाहीतर..." आणि त्यांना रडू कोसळलं.

सम्मेदनं मोबाइल बायकोपुढे धरला. पिवळा.

त्यानंतर त्या ज्या ज्या वेळी "नाही" म्हणाल्या, त्या त्या वेळी ओरडून, रडून, थरथरत म्हणाल्या, आणि दिवा पिवळा होत गेला. एका दुपारी झोपेतून उठून शांत बसल्या असताना सम्मेद पायाशी येऊन बसला. त्यानं त्यांचे पाय चेपले.

"आई, तुला बरं व्हायचंय ना गं?"

"व्हायचंय रे बाळा."

"मग मी करतो ते करू देशील ना?"

"कर," त्या म्हणाल्या. लेक पाय चेपतोय एवढंच त्यांना त्या वेळी कळत होतं.

दिवा हिरवा होता. तेवढं दवाखान्याला पुरेसं होतं. नव्या सजग-संमती कायद्याप्रमाणे हिरव्या दिव्यात दिलेला होकार ग्राह्य. पिवळ्यातला नकार म्हणजे नुसतं लक्षण. त्यांच्या नकाराची तपासणी दर वेळी झाली. होकाराची कुणी केली नाही.

सम्मेद दुष्ट नव्हता. आई गेली तर आपलं काय होईल या भीतीनं तो गारठून गेला होता. "माझ्या आईला डोळ्यांदेखत मरू देऊ?" असं तो विचारायचा, आणि ते खरंच विचारायचा.

 सकाळी ड्यूटीला जाण्याआधी धनश्री मोरीत उलट्या करत होती, आणि नळ सोडला तरी वैजयंताबाईंना ते ऐकू येत होतं. एकदा सम्मेद कामावर गेल्यावर त्यांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग. तुला द्यायचंय?"

"आई, दिलंच पाहिजे ना."

"ते मी विचारलं नाही."

धनश्री ओट्याला टेकून उभी राहिली. "भीती वाटते," ती म्हणाली. "टेबलावर झोपवतील, पोट फाडतील आणि मी उठणारच नाही, असं स्वप्न पडतं. आणि उठले तरी... मला गाडी चालवताना जे वाटतं ना आई, ते माझ्याकडे दुसरं काहीच नाही. पण मी नाही म्हटलं, तर या घरात मी कशी राहू? तुम्हाला काही झालं तर जन्मभर तो माझ्या तोंडाकडे कसा बघेल?"

"मग नाही मी म्हणते."

"तुमचं ऐकतंय कोण?"

"ऐकतील," वैजयंताबाई म्हणाल्या.

सून सासूला लिव्हर देणार असली की मंजुरीसाठी समितीपुढे जावं लागे. समितीनं धनश्रीला आधी एकटीला आत बोलावून विचारलं होतं, तेव्हाही ती होच म्हणाली होती. खोलीत ती एकटी होती खरी. पण दाराबाहेर नवरा बसला होता आणि परत जायचं होतं ते त्याच घरी.

मग वैजयंताबाईंची पाळी आली. त्यांनी औषध वेळच्या वेळी घेतलं होतं, पोट साफ होतं, झोप झाली होती. लांब टेबलामागे तिघे बसले होते. मधले निवृत्त न्यायाधीश. सम्मेद बाजूच्या खुर्चीत. सगळ्यांची नजर त्यांच्या मनगटावर.

त्यांनी पाठ ताठ केली आणि माइकवर काढत तो आवाज काढला. त्या आवाजात कधी राग नसे, कधी लाड नसे. गाडी आली काय, रद्द झाली काय, आवाज तोच.

"सून धनश्री मगदूम हिच्या लिव्हरचा भाग घेण्यास माझी संमती नाही. याआधी दिलेली संमती रद्द समजावी. पुन्हा सांगते. धनश्री मगदूम हिच्या लिव्हरचा भाग घेण्यास माझी संमती नाही."

दिवा हिरवा. सम्मेद उठला. "साहेब, ही आधी हो म्हणालीय..."

"बसा," न्यायाधीश म्हणाले. मग बाईंकडे वळून, "तुम्हाला जगायची इच्छा नाही का?"

आत कुठंतरी हुंदका आला होता. त्यांनी तो गिळला. "आहे साहेब. भरपूर आहे. पण तिला नको असताना तिचं घेऊन नाही. आणि आणखी एक विनंती. माझं कडं मुलाच्या मोबाइलला जोडलेलं आहे, ते तोडून मिळावं."

दोन्ही गोष्टी मान्य झाल्या.  परतताना गाडीत धनश्रीनं मागच्या सीटवर सासूचा हात धरला होता, तो घरापर्यंत सोडला नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नकार दिल्यावरही माणसाला जगावं लागतं.

हिवाळा लागेपर्यंत दिवा हिरवा कमी आणि पिवळा जास्त राहू लागला. सम्मेद कामावरून उशिरा येई, आईच्या खोलीच्या दाराशी उभा राही, तिथूनच जाई. करायचं सगळं धनश्रीकडे आलं. ड्यूटीच्या आधी पाक पाजायचा, नंतर अंथरुणाची चादर बदलायची. मूग, दही, मोजकं मीठ. वाईट दिवसांत वैजयंताबाई तिच्या हातातली वाटी उडवत. "हिनं मला मारायला घेतलंय," त्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडत. "एवढासा तुकडा मागितला तर दिला नाही हिनं!" धनश्री फरशी पुसत राही. पिवळा दिवा आहे, असं ती स्वतःला सांगे. दिवा पिवळा होताच.

त्या महिन्यात दोनदा दवाखाना झाला. दुसऱ्यांदा सोडताना डॉक्टर इनामदार धनश्रीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून शरीराला ऑपरेशन झेपेल. फार दिवस झेपणार नाही. त्यांचं किंवा कुणाचं मन बदललं तर लगेच सांगा. मी हे सांगायलाच हवं म्हणून सांगते." धनश्रीनं मान हलवली. ते तिनं घरी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी वैजयंताबाई चांगल्या उठल्या. स्वतःहून तोंड धुतलं, केस विंचरले. धनश्री खाकी सदऱ्याची बटणं लावत खोलीत आली, तर त्या पलंगाच्या कडेला सावरून बसल्या होत्या.

"धनू, बस जरा."

"आई, सातची गाडी आहे."

"बस."

ती बसली.

"परवा तू मला पाणी पाजत होतीस," वैजयंताबाई म्हणाल्या, "आणि ही बाई कोण, असं मी बघत होते. नाव आठवेना ते सोड, माणूसच आठवेना. आणि मी तिला शिव्या देत होते. मला आतून सगळं ऐकू येत होतं गं. थांबता येत नव्हतं. मरायचं भ्या नाही मला. याचं वाटतं. असं होत होत जायचं, याचं."

"डॉक्टर औषध वाढवतील आई."

"ऐक. तेव्हा मी मोठेपणा केला. मला वाटलं होतं मला झेपेल. नाही झेपत." त्या सुनेकडे सरळ बघत होत्या. आवाज माइकचा नव्हता. साधा, थोडा बसलेला. "मला जगायचंय धनू. देशील का तू?"

धनश्रीची नजर त्यांच्या मनगटावर गेली. दिवा हिरवा होता, स्वच्छ, न लुकलुकणारा.

नाही म्हणायचं तर आता तिला कुणी अडवलं नसतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. समोरच्या बाईनंच तिला दाखवून दिलं होतं, नाही कसं म्हणतात ते. पण तिला नाही म्हणवेना. होही म्हणवेना. बाहेर सम्मेदनं गाडी सुरू केल्याचा आवाज आला आणि गेला.

मग तिनं सासूचं मनगट हातात घेतलं आणि कड्यावर तळवा ठेवला. तिचा तळवा थंड होता.

"आई, तुम्हाला बरं नाहीये आज," ती म्हणाली. "पिवळा झालाय. पडा जरा."

वैजयंताबाईंनी हात ओढून घेतला नाही. त्या बराच वेळ सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हा रोग झाल्यापासून इतकं नीट त्यांनी कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"झालाय का?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग माझं बोलणं मनावर घेऊ नकोस." आणि पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

धनश्रीनं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. मग ती ड्यूटीवर गेली. मिरजेपर्यंत तिनं गाडी नेहमीसारखीच चालवली; एकही थांबा चुकला नाही.

वैजयंताबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. हिरव्या दिवसांतही नाही. संक्रांतीच्या आधी त्या बेशुद्ध झाल्या आणि मग परत आल्या नाहीत.

दुखवट्याला स्टँडवरचे सगळे आले. समितीपुढची हकिकत एव्हाना गावभर झाली होती, आणि ती सांगत होता सम्मेदच. आता त्याला ती अभिमानानं सांगता येत होती. "आईनं सुनेसाठी जीव दिला," तो म्हणत होता आणि डोळे पुसत होता. लोक गेल्यावर त्यानं धनश्रीला विचारलं, "शेवटी शेवटी काही म्हणाली का गं? ऑपरेशनबद्दल? कधी वाटलं का तिला, की घ्यायला हवं होतं?"

"नाही."

"मला माहीत होतं. निश्चय म्हणजे निश्चय."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या. धनश्री चहा देत होती. एक जण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अशी सासू मिळायला नशीब लागतं पोरी."

"हो," धनश्री म्हणाली.

"जाताना तोंडावर काय शांती होती म्हणे."

"हो."

"तुला काही म्हणून मागितलं नाही तिनं. नुसतं दिलं."

 धनश्रीनं चहाचा ट्रे पुढच्या बाईसमोर धरला.

"हो," ती म्हणाली.